एकतिसावा रकाना

...आणि वर मलाच विचारतात हो! शेजारची बाई जिन्यात अडवून विचारते, दूधवाला पिशवी हातात ठेवताना विचारतो, माझी सख्खी ताई फोन करून विचारते, ‘काय रे, तो राजाराणीचा कार्टून पिक्चर कसा आहे? पोरांना न्यावं का?’ अहो, मला काय विचारता? मी त्या पिक्चरला पाच वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत बसलोय, पहिल्या रांगेच्याही पुढे बसलोय, पण तुम्हाला सांगतो, त्या पाचही वेळा त्यातलं एक झाड, एक घोडा, राजकन्येच्या झग्याचं टोकसुद्धा मी पाहिलेलं नाही. का म्हणून काय विचारता? माझी पडद्याकडे पाठ!

हसू नका. नोकरीच तशी आहे. पिक्चर तयार झाला की तो थेटरात लागायच्या आधी आमच्या कंपनीकडे येतो. आम्ही चाळीस माणसं गोळा करतो, आई, वडील, आजी, आजोबा, पोरंटोरं, आणि त्यांना तो फुकट दाखवतो, ट्रायल म्हणतात तिला. ती बघतात पडद्याकडे आणि मी बघतो त्यांच्याकडे. पडद्याच्या खाली एक स्टूल, स्टुलावर मी. काळा शर्ट, काळी पँट, काळी टोपी, म्हणजे मी कुणाला दिसू नये. गळ्यात पट्ट्याने अडकवलेला बोर्ड, बोर्डावर तक्ता, तक्त्याच्या डोक्याशी नखाएवढा लाल दिवा. दर दोन मिनिटांनी दिवा लुकलुकला की नवा रकाना सुरू. कोण हसलं, त्याच्या नंबरापुढे ‘ह’. रडलं तर ‘र’. जांभई ‘ज’, मोबाईल ‘म’, आणि उठून गेलं तर ‘उ’. चाळीस माणसं, बावन्न रकाने. पिक्चर संपला की दारातच तक्ता काढून घेतात, पाकिटात घालतात, पाकीट चिकटवतात. नंतर त्यात काडीचा बदल करायचा नाही. आणि त्या तक्त्यावरून ठरतं की पिक्चरमधलं काय ठेवायचं आणि काय कापायचं. बघा म्हणजे, केवढी सत्ता! आणि ही सत्ता कुणाच्या हातात? ज्याने पिक्चर पाहिलाच नाही त्याच्या!

या पिक्चरच्या पहिल्याच ट्रायलला काय झालं माहितीये? दुसऱ्या रांगेतल्या एका पोराने बरोबर मला हेरलं. सगळे वर बघतायत आणि हा खाली बघतोय! आणि एकदम किंचाळला, ‘आई, तिथे भूत बसलंय! ते लिहितंय!’ भोकाड पसरलं की हो. आता मी काय करू? रडलं तर ‘र’ लिहायचा, मी लिहिला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. आमचे साहेब, त्यांना सगळे सरासरीसाहेब म्हणतात. कशाचीही सरासरी काढतात हो हा माणूस. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, ‘तिसऱ्या रकान्यात ब-चार रडलाय. तिथे तर राजवाड्यात नाच चाललाय. हे रडू पिक्चरचं आहे की तुमचं?’ मी म्हटलं, ‘माझं.’ तर म्हणाले, ‘मग टोपी अजून खाली ओढत चला.’

बरं, ती माणसं तरी कशी! एक बाई होती, पोराच्या कानात सारखी पुटपुटायची, ‘आता बघ हं, आता चेटकीण येणार... आता येणार... आली!’ अहो, हीही पिक्चर पहिल्यांदाच बघतेय, हिला कसं कळतं सगळं आधी? एक बाप, सबंध पिक्चरभर मोबाईलमध्ये. तोंडावर निळा उजेड, आणि पोरगं हसलं की हाही हसायचा, मान वर न करता! त्याला ‘ह’ देऊ की ‘म’ देऊ? एक आजी, दर पाच मिनिटांनी, ‘हा कोण गं? मघाचाच का?’ आणि एक जाडे काका, त्यांना विनोद उशिरा कळायचा. बोकड शिंकला की सगळा हॉल हसायचा. त्या पिक्चरमध्ये एक बोलका बोकड आहे, तो शिंकतो, पोरं गडाबडा लोळतात. हे काका गप्प! मग हळूहळू त्यांचं पोट हलायला लागायचं, आणि खो खो सुरू होईस्तोवर लाल दिवा लुकलुकून रकाना बदललेला असायचा. साहेबांचा नियम, हसू आलं त्या रकान्यात मांडायचं. त्यामुळे तक्त्यात असं दिसतं की राणीला चेटकीण उचलून नेते तेव्हा हे काका पोट धरधरून हसतायत. निर्दय माणूस!

म्हणजे गोष्ट मला माहीत आहे, नाही असं नाही. पण ती कानांनी माहीत आहे. चेटकीण राणीला नेते, राजकन्या आणि बोकड तिला शोधायला निघतात, मागे राजवाड्यात नोकरचाकर सगळे दगडाचे झालेले, एकटा म्हातारा राजा तेवढा जिवंत. शेवटी गडगडाट होतो, चेटकीण ओरडते, राणी परत येते, गाणं. तेव्हा मला विचारलं असतं, राणी कशी दिसते? माहीत नाही. चेटकिणीचं नाक केवढं? माहीत नाही. दिसणार कुठून, माझी पडद्याकडे पाठ!

आणि बाहेर पडताना प्रत्येकाने एक कागद भरायचा असतो, ‘काय आवडलं ते लिहा’. काय लिहावं लोकांनी? ‘खुर्च्या.’ एकाने लिहिलं, ‘बोकड.’ त्याच्या भावाने लिहिलं, ‘तोच.’ एका बाईने पानभर मजकूर लिहिला, मी म्हटलं वा, रसिक दिसतेय, तर सगळं पार्किंगबद्दल! दोन तास राजवाडे, जादू, आई हरवलेली पोरगी, आणि माणूस बाहेर येऊन लिहितो काय, तर गाडी लावायला जागा नव्हती.

ते जाऊ दे. माझं दुखणं वेगळंच आहे.

आई गेली त्याला तेव्हा अकरा महिने झाले होते. घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. लग्न? ते राहू द्या, तो निराळाच पिक्चर आहे. तर बाबा. उभी हयात पोस्टात काढली, पत्रं छाननीला. ज्याचं पत्र त्याच्या खान्यात, हातात आलं की टाकलं, हातात आलं की टाकलं. आई गेली त्या दिवशीही तसंच. कुणाला कळवायचं, कुणाला बसवायचं, सगळं नीट लावून दिलं आणि खुर्चीत जाऊन बसले. डोळ्यांतून टिपूस नाही. अकरा महिने तसेच. बोलायचं काय, तर दोन शब्द, ‘हं’ आणि ‘चालेल’. ‘बाबा, जेवायचं ना?’ ‘हं.’ ‘बाबा, आज भात जरा करपलाय.’ ‘चालेल.’ ताई दर गुरुवारी यायची, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून म्हणायची, ‘बाबा, रडा हो! एकदा रडा, मोकळे व्हा!’ आणि स्वतःच अशी रडायची की शेवटी बाबा उठून तिलाच पाणी आणून द्यायचे. डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, ‘उत्तम आहे, तुमच्यापेक्षा यांचा रक्तदाब चांगला आहे.’ आता बोला!

आणि मला काय हवं होतं हो? मोठं काही नाही. त्यांनी एकदा मला हाक मारावी. ‘अरे, जरा इकडे ये रे’, एवढंच. काम कुठलंही असू दे, डबा उघडत नाही, चष्मा सापडत नाही, काहीही. मी माणसांचे चेहरे वाचून पोट भरतो, जांभई यायच्या आधी मला कळतं की हिला आता जांभई येणार, आणि घरातला एक चेहरा मला वाचता येईना. रात्री जेवताना समोर बसून बघत राहायचो. सगळे रकाने कोरे.

तर चौथी ट्रायल. आमचा एक नियम आहे, चाळीसात सहा आजी-आजोबा हवेतच. आणि नेमका एका आजोबांनी त्या सकाळी दात काढला. खेळ सुरू व्हायला पाऊण तास आणि साहेबांचा फोन, ‘एक आजोबा कमी आहेत! घेऊन या!’ घेऊन या म्हणजे? आजोबा काय दुकानात मिळतात? ‘किती मोठे दाखवू? साठीतले की सत्तरीतले?’ पण माझं घर थेटरापासून दहा मिनिटांवर. खरं तर कंपनीत सक्त मनाई आहे, नोकराचा नातेवाईक प्रेक्षकांत बसवायचा नाही. पण मी म्हटलं, नाहीतरी बाबा खुर्चीतच बसलेले असतात, इथल्या खुर्चीत बसले काय नि तिथल्या काय. घरी गेलो, म्हटलं, ‘बाबा, पिक्चरला चला.’ म्हणाले, ‘चालेल.’

ज्यांचे आजोबा दात काढून घरी पडले होते, त्याच कुटुंबात बसवून दिलं त्यांना. नवरा, बायको, एक मुलगा, एक सहा वर्षांची मुलगी. म्हटलं, ‘हे दोन तासांपुरते तुमचे आजोबा.’ ती मुलगी कमरेवर हात ठेवून वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, ‘हे गोष्ट सांगतात का?’ मी म्हटलं, ‘नाही बाळ. हे हं म्हणतात.’ ‘मग मी सांगते’, म्हणाली, आणि बाबांचं बोट धरून घेऊन गेली. ड रांग, सातवी खुर्ची. तक्त्यावर नाव नसतं, नुसता नंबर. ड-सात.

पिक्चर सुरू झाला. मी आपला बसलो स्टुलावर. बोकड शिंकला, ‘ह’, ‘ह’, ‘ह’. राणीला नेलं, ‘र’, ‘र’. आणि ड-सात? नुसता चौकोन. हसू नाही, रडू नाही, जांभईसुद्धा नाही हो! तीस रकाने, एक तास, आणि माझ्या बापाच्या नंबरापुढे शाईचा ठिपका नाही. मी मनात म्हटलं, झालं, इथेही ‘चालेल’च चाललंय.

आणि एकतिसावा रकाना लागला.

आता हा रकाना कसा, तर सगळ्यात कंटाळवाणा. आधीच्या तिन्ही ट्रायलना इथे मी नुसते ‘ज’ आणि ‘उ’ लिहीत सुटलो होतो. कारण इथे कुणी बोलत नाही, गाणं नाही, बोकड नाही. मागून नुसता आवाज येतो, फट्... मग बराच वेळ काही नाही... मग परत, फट्... पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पडदाच फाटला! पोरं चुळबुळायला लागतात, आया त्यांना बाथरूमला नेतात, बाप मोबाईल काढतात. त्या दिवशीही तेच. मी पेन टेकवलं, पहिल्या रांगेला ‘ज’ लिहायला घेतला, सहज ड रांगेकडे नजर गेली...

बाबा रडत होते.

म्हणजे डोळे पाणावले वगैरे नाही. तोंड उघडं टाकून, हनुवटी थरथरतेय, चष्मा हातात, आणि पाणी वाहतंय, वाहतंय, शर्टावर टपटपतंय, पुसत नाहीत. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. अकरा महिन्यांचं सगळं एकदम. ती पोरगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती, मग तिने हळूच त्यांची मूठ उघडली आणि त्यात एक पॉपकॉर्न ठेवला. एकच. आणि मी? मी बोर्ड गळ्यात घेऊन नुसता बसून. लाल दिवा लुकलुकला, मला दिसला नाही. माझेच डोळे भरून आले हो! आणि तुम्हाला सांगतो, माझ्या पाठीमागे, माझ्या डोक्याच्या वर, एवढं मोठं काहीतरी चाललेलं, ज्याने माझ्या बापाला रडवलं, आणि मान वळवून बघावं हे मला सुचलं नाही! सवय! सहा वर्षांची सवय! बाप रडत होता त्याच्याकडे तोंड, आणि ज्याच्यामुळे रडत होता त्याच्याकडे पाठ!

भानावर आलो तोवर बोकड शिंकला होता. पेन तसंच पहिल्या ‘ज’च्या पहिल्या वळणावर. पुढचे रकाने भरले, पण एकतिसावा सबंध कोराच राहिला, आणि पिक्चर संपला तेव्हा दारात पाकीट घेऊन माणूस उभा.

बसमध्ये विचारलं, ‘बाबा, काय होतं हो तिथे पडद्यावर?’ खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘कुठे?’ मी म्हटलं, ‘ते... तुम्ही चष्मा काढला होता तेव्हा.’ म्हणाले, ‘पुसायला काढला.’ संपलं. पण रात्री दोन घास जास्त जेवले. ताईला फोन केला, ‘ताई, बाबा रडले!’ ती तिकडे हमसाहमशी. ‘कसे रे? कशाने?’ ‘माहीत नाही.’ ‘अरे गाढवा, तू तिथेच होतास ना?’ आता हिला काय सांगू, माझी पडद्याकडे पाठ!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करतोय, आणि मागे दारात बाबा. म्हणाले, ‘तो पिक्चर परत असतो का?’ माझ्या हातून वस्तरा पडायचा राहिला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा, मी न विचारता, स्वतःहून सबंध एक वाक्य! म्हटलं, ‘आहे ना बाबा. थेटरात लागणार आहे. का हो?’ तर खाली बघत, दाराच्या कडीशी चाळा करत म्हणाले, ‘तो राजा चादरीची घडी घालत होता.’

मी म्हटलं, ‘कोण?’

‘तो म्हातारा राजा. नोकर सगळे दगडाचे. दोरीवर चादर वाळत पडलेली. मोठी, डबल. ती काढून एकटाच घडी घालत होता. दोन टोकं धरतो, झटकतो, की लांबची दोन जमिनीवर. परत झटकतो, परत तेच. एकट्याला नाही येत रे ती. समोर कुणीतरी लागतं.’ मग कडीवरचा हात काढला. ‘तुझ्या आईला मी घरात कधी काही मदत केली नाही. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. पण चादर दोरीवरून काढली की ती हाक मारायची, या हो, टोकं धरा. तेवढं मी करायचो. चाळीस वर्षं. ती चालत पुढे यायची, माझ्या हातातली टोकं घ्यायची, की झाली घडी.’

मी वस्तरा तसाच धरून उभा, अर्ध्या गालाला साबण. आई गेल्यापासून आमच्या चादरी दोरीवरून निघायच्या आणि खुर्चीवर गोळा होऊन पडायच्या, गुरुवारी ताई येऊन त्यांचं काहीतरी करायची. मी म्हटलं, ‘बाबा, मी धरतो ना टोकं.’ त्यांनी मान हलवली. ‘त्या राजाला एकट्याला जमलं का, ते बघायचंय मला. नेमकं शेवटी शेवटी डोळ्यांत पाणी आलं, दिसलं नाही. आधी ते बघू दे. तोवर चादरींना हात लावू नका कुणी.’ ‘आणि ती राणी परत येते ते?’ तर म्हणाले, ‘ते पोरांसाठी ठेवलंय.’

त्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा तक्ता. ‘एकतिसावा रकाना कोरा. चाळीस माणसं काय दगड होऊन बसली होती?’ मी म्हटलं, ‘नाही साहेब. माझं लक्ष नव्हतं.’ ‘कुठे होतं?’ ‘ड-सात रडत होता.’ ‘एक माणूस रडला म्हणून एकोणचाळीस माणसं सोडून दिलीत?’ आणि तुम्हाला सांगतो, तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, खरं सांगितलं तर हा माणूस विरघळेल. म्हटलं, ‘साहेब, ते माझे वडील आहेत. अकरा महिन्यांत पहिल्यांदा रडले. तो प्रसंग फार मोठा आहे, साहेब, त्याला हात लावू नका.’

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मग खिशातून लाल पेन काढलं आणि ड-सातची अख्खी ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खोडून टाकली. म्हणाले, ‘नातेवाइकाचं रडणं धरत नाहीत.’ आणि मग आकडेमोड! पहिली ट्रायल, एकतिसावा रकाना, अकरा जांभया, पाच उठले. दुसरी, चौदा जांभया. तिसरी, सात उठले. चौथी, शून्य. म्हणे सरासरी काढली तर पिक्चरमधली सगळ्यात मेलेली दोन मिनिटं हीच! आणि ह्या सगळ्या जांभया कुणाच्या अक्षरात? माझ्या! सुवाच्य! मी म्हटलं, ‘निदान मला एकदा दाखवा तरी.’ तर म्हणाले, ‘कापायचं ते दाखवत नाहीत.’ वाईट माणूस नाही हो. उलट म्हणाले, ‘वडिलांची काळजी घ्या, उद्या अर्धी रजा घ्या.’ अर्धी! तिथेही सरासरी!

पाचव्या ट्रायलला तीस रकाने झाले, मी कान टवकारून बसलो, कधी फट् ऐकू येतंय, कधी येतंय... बोकड शिंकला. कापलं होतं.

मग मी शोध सुरू केला. कुणाला तरी आठवत असेल ना, जमलं होतं की नाही त्या राजाला? आधी त्या उसन्या नातवंडांच्या आईला फोन लावला. ‘अय्या, तेव्हा मी मुलाला बाथरूमला नेलं होतं.’ नवरा म्हणाला, ‘ऑफिसचा मेल आला होता हो.’ जाड्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘राजा होता का त्यात?’ शेवटी त्या पोरीला फोनवर बोलावलं. म्हटलं, ‘बाळ, तू तर पूर्ण वेळ होतीस. चादरीची घडी झाली का गं शेवटी?’ तिने जरा विचार केला आणि म्हणाली, ‘मला नाही माहीत. मी त्या आजोबांकडेच बघत होते.’

घ्या! म्हणजे आम्ही दोघं!

पिक्चर लागला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आई गेल्यावर पहिल्यांदा. घरात खुर्चीवर चादरींचा हा ढीग साठलेला, ताईला बसायला जागा नाही, पण हात लावायची कुणाची टाप आहे? आणि मी सांगावं कसं की बाबा, ते नाहीये आता त्यात, मीच घालवलं? रोज ठरवायचो, आज सांगू. आणि रोज ते विचारायचे, ‘किती दिवस राहिले?’ अहो, अकरा महिने गप्प असलेला माणूस दिवस मोजायला लागला, त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

सहा वर्षांत पहिल्यांदा मी पडद्याकडे तोंड करून बसलो. जमेना हो मला! मान आपोआप मागे वळायची, कोण हसतंय, कोण रडतंय. मागची बाई म्हणाली, ‘अहो, पिक्चर तिकडे आहे.’ काय ते रंग, काय तो बोकड, लाल मफलर घातलेला! लोक हसतायत, टाळ्या वाजवतायत, पोरं खुर्चीवर उभी राहतायत. आणि शेजारी बाबा, दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, वाकून, पापणी न लववता. राजा आला, गेला. बाबा आणखी पुढे सरकले. राजकन्या डोंगर चढली, चेटकीण ओरडली, गडगडाट झाला, राणी आली, गाणं, दिवे लागले. सगळे हसत हसत उठले. बाबा बसलेलेच.

म्हणाले, ‘माझा डोळा लागला का रे मधे?’

म्हटलं, ‘हो बाबा. जरासा.’

‘उठवायचं नाहीस का?’

‘झोप चांगली लागली होती, म्हटलं...’

‘हं’, म्हणाले. लोक आमच्या गुडघ्यांना घासून बाहेर पडत होते. मग बाबा माझ्याकडे वळले, अगदी माझ्या डोळ्यांत बघत, आणि म्हणाले, ‘तू जागा होतास ना? आज तर तुझं तोंड पडद्याकडे होतं. सांग मला. जमलं का त्याला?’

सहा वर्षं झाली या धंद्याला, हजारो माणसांचं हसू-रडू मांडलं मी, पण असा चेहरा कधी बघितला नव्हता. त्याला काय हवं होतं, ‘हो’ की ‘नाही’? मला वाचता येईना. म्हटलं, कुणाला दुखवण्यापेक्षा चांगलं ते सांगावं. दिलं ठोकून! ‘जमलं बाबा! एकट्याने घातली घडी. जरा वेडीवाकडी झाली, पण घातली.’

बाबांनी सुस्कारा सोडला. म्हणाले, ‘एकट्याने?’ म्हटलं, ‘एकट्याने.’ ‘मग ठीक आहे’, म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

तुम्हाला सांगतो, तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबा त्या ढिगातली एक चादर काढतात आणि खोलीच्या मधोमध उभे राहतात. फट्... दोन टोकं हातात, दोन जमिनीवर. परत फट्... पाऊण पाऊण तास. मी पुढे झालो की हात करतात, ‘तू बस. त्याला जमलं, मला का नाही जमणार?’ आणि मी बसतो समोर स्टुलावर, बघत. त्या दिवशी नुसतं ‘नाही जमलं’ म्हणालो असतो ना, तर आज पलीकडची दोन टोकं धरायला त्यांनी मला बोलावलं असतं हो!